परीक्षकांत विद्यार्थीसुद्धा

“विद्यार्थी? आणि परीक्षक?” जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या क्लेमेन्स ब्रेन्टानो साहित्य पुरस्काराचा विषय निघाला तेव्हा आज एक ज्येष्ठ मित्र फस्सकन हसले. ते हसणं काही केल्या डोक्यातून जाईना.

हा पुरस्कार हायडेलबर्ग शहर १९९३ पासून देतं. (हो, आपल्या खंडोबावर आयुष्यभर काम केलेल्या जर्मन अभ्यासक सोन्थायमर यांचं हायडेलबर्ग!) रक्कम १०,००० युरो. पहिल्यावहिल्या पुस्तकांनी लक्ष वेधून घेतलेल्या, जर्मनमध्ये लिहिणाऱ्यांसाठी. म्हणजे अगदी कोरी पाटी नको, पण नाव झालेलं मोठं माणूसही नको.

निवड समितीत व्यावसायिक समीक्षक असतात आणि त्यांच्या जोडीला तिथल्या विद्यापीठाच्या जर्मन साहित्य विभागातले विद्यार्थी. नुसते पाहुणे म्हणून नाही, परीक्षक म्हणून. विशीतल्या वाचकाला समीक्षकासमोर बसून ‘हे पुस्तक का’ ते मांडावं लागतं. नुसतं ‘आवडलं’ म्हणून कसं भागेल?

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. कथा, निबंध, कादंबरी, कविता असे प्रकार आळीपाळीने येतात, दरवर्षी एकच. कवितेची पाळी चार वर्षांनी. पहिला संग्रह पाळी सरल्यावर आला, तर तो कवी पुढच्या पाळीपर्यंत ताटकळणार. तोवर त्याला नवोदित कोण म्हणणार? पण याच फेऱ्यामुळे निबंधाला हक्काचं वर्ष मिळतं, नाहीतर कादंबरीपुढे त्याला कोण विचारतो!

आपल्याकडच्या एखाद्या पुरस्काराच्या समितीत एम.ए. मराठीची दोन मुलं बसवली तर?