आल्याचं विरजण : आमची वाटचाल

सातारा जिल्ह्यात आल्याचा भाव किलोवर नाही, गाडीवर बोलतात. एक गाडी म्हणजे ५०० किलो. सात वर्षांपूर्वी गाडीच्या पैशांत काढणीची मजुरीही सुटेना, तेव्हा कोरेगावजवळच्या आमच्या घरी पडवीत पोत्यांची थप्पी लागली. आई आलेपाक थापून थापून दमली. मामेभाऊ बोटीवर नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "जिंजर बिअर करून बघ." फोन स्पीकरवर होता. आईनं तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

जिंजर बिअर म्हणजे आलं-साखर आंबवून केलेलं फेसाळ पेय. तशी कृती सोपी. उकळून गार केलेलं अर्धा लिटर पाणी, दोन चमचे किसलेलं आलं, दोन चमचे साखर. आलं सोलायचं नाही. आंबवणारे जीव सालीवरच असतात. रोज तेवढंच आलं नि साखर घालून ढवळायचं, तोंडाला फडकं बांधायचं. पहिली बरणी थेट नळाच्या पाण्यानं गेली, क्लोरीनमुळे. दुसरीला पाचव्या दिवशी कान लावला, तर आत बारीक चुरचुर. आईनं वास घेतला आणि म्हणाली, "हे तर आल्याचं विरजण!" आमच्याकडे अजून तोच शब्द चालतो.

उकळलेल्या आल्याच्या पाण्यात साखर, गार झाल्यावर लिंबू आणि विरजण, मग बाटल्या बुचबंद. हिवाळ्यात दोन-तीन दिवस लागायचे. एप्रिलमध्येही तेवढेच ठेवले आणि पहाटे माजघरात फटाके फुटल्यागत अकरा बाटल्या फुटल्या. कोणी तिथं झोपलं नव्हतं म्हणून निभावलं. आढ्यावरचा डाग अजून आहे. तेव्हापासून प्रत्येक घाण्यात एक प्लास्टिकची बाटली भरतो. ती अंगठ्यानं दबेनाशी झाली की सगळा माल फ्रिजमध्ये. गारव्यात आंबणं जवळजवळ थांबतं, बाहेर काढलं की पुन्हा सुरू.

खरी अडचण पुढे आली. परवान्यासाठी नमुना प्रयोगशाळेत दिला, तर अल्कोहोल १.१ टक्के. कायद्यानं अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की ते मद्य. फेस आणि अल्कोहोल एकाच साखरेतून, एकाच वेळी निघतात. एक हवा, दुसरं नको, असं चालत नाही. लिटरमागे साधारण ८ ग्रॅम साखर आंबली की अर्धा टक्का भरलाच. आणि आम्ही गोडीसाठी घालतो ८० ग्रॅम! म्हणजे दहाव्या हिश्शाच्या आत थांबवायचं. सिलिंडरचा गॅस भरला असता तर प्रश्न मिटला असता, पण मग गोटी सोडा काय वाईट होता? आम्ही फेसच कमी ठेवला. "सोड्यासारखा उसळत नाही," असं गिऱ्हाईक अजून म्हणतं, आणि ते खरंच आहे. लेबलवरून 'बिअर' मात्र काढलं. संकष्टीला बाटली नेणाऱ्या काकूंना अवघड व्हायचं.

आज दोघी बायका आणि मी मिळून आठवड्याला ३०० बाटल्या भरतो. आलं जुनंच घेतो. नव्याला रस असतो, पण झणका नसतो. पुण्याच्या एका वितरकानं महिन्याला पाच हजार मागितल्या होत्या. त्याच्या टेम्पोत बर्फ नव्हता, म्हणून हात जोडले.

सातारा आणि वाईत मिळून चौदा दुकानं आहेत. नवा दुकानदार आला की दराआधी मी एवढंच विचारतो, "रात्री जाताना फ्रिज बंद करता का?" निम्मे तिथंच हसून गळतात.