ओहायो स्टेटची स्प्रिंग गेम: कोलंबसला जाऊन त्यांचा क्वार्टरबॅक कसा पाहावा

मी मिशिगनची, म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची चाहती. शिकायला अ‍ॅन आर्बरला आले, नोकरीही इथेच लागली, आणि तेव्हापासून नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार ओहायो स्टेटच्या, म्हणजे कोलंबसच्या विद्यापीठाच्या संघाशी होणाऱ्या सामन्यासाठी राखलेला आहे. त्या दिवशी आमच्या घरी दुसरं काही ठरत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये आम्ही त्यांना त्यांच्याच मैदानात 13–10 असं हरवलं, लागोपाठ चौथ्यांदा. पण पुढे जानेवारीत नोत्र दामला 34–23 हरवून राष्ट्रीय विजेतेपद त्यांनीच नेलं. मग त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, विल हॉवर्ड एनएफएल या व्यावसायिक लीगला गेला आणि जागा रिकामी झाली. तिथे आता कोण येणार, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून 12 एप्रिल 2025 ला, शनिवारी, लेकीला घेऊन कोलंबसला त्यांची स्प्रिंग गेम बघून आले. येत्या वसंतात कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॉलेज संघांना वसंतात सरावाची 15 सत्रं मिळतात. त्यातलं शेवटचं सत्र बहुतेक मोठे संघ लोकांसमोर, सामन्यासारखं खेळतात. आपल्याकडे रणजीच्या आधी संघ आपसांत दोन बाजू करून सराव सामना खेळतो, तसंच. फरक गर्दीचा. 2016 मध्ये ओहायो स्टेटची अशी गेम बघायला 1,00,189 लोक आले होते, आणि गुणांना काही अर्थ नसलेल्या सामन्याला!

आदल्या दिवशी दुपारी निघालो. अंतर साधारण 190 मैल, वेळ साडेतीन तास धरा. यूएस-23 ने दक्षिणेला, टोलीडोला वळसा घालून 75 नंबरने फिंडलीपर्यंत, तिथून 15 नंबर पकडून पुन्हा 23 वर. अप्पर सँडस्की आणि मेरियनपर्यंत रस्ता मोकळा असतो. डेलावेअर आलं की सिग्नलमागून सिग्नल सुरू होतात आणि शेवटचे वीस-पंचवीस मैल जीव खातात. शुक्रवारी संध्याकाळी तिथे अडकायचं नसेल तर तीनच्या आत डेलावेअर ओलांडा. मुक्काम डब्लिनला माझ्या मावसभावाकडे होता. दादा पक्का ओहायो स्टेटचा. दारातच म्हणाला, "ये, पण घरात निळं-पिवळं काही घालायचं नाही." ते मिशिगनचे रंग. वहिनींनी सकाळी पोहे केले, डब्यात थालीपीठ बांधून दिलं, आणि तो डबा पुढे गाडीतच राहिला. स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं चालत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पिशवीच्या बाबतीत चूक माझी. नियम पारदर्शक पिशवीचा आहे आणि मी नेहमीची कापडी घेऊन गेले होते. फाटकापासून गाडीपर्यंत परत जावं लागलं. आम्ही 315 नंबरच्या रस्त्याने येऊन लेन अ‍ॅव्हेन्यूला उतरलो होतो आणि गाडी ओलेंटँजी नदीच्या पश्चिमेला लावली होती. नदीवरचा पूल ओलांडला की स्टेडियम समोरच दिसतं, चालायला छान वाटतं, पण तेच अंतर घाईत तीनदा कापावं लागलं तेव्हा वॉर्मअपची पहिली पंधरा मिनिटं हातची गेली. त्याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण क्वार्टरबॅक बघायचा तर वॉर्मअप हाच दिवसाचा सगळ्यात मोलाचा भाग असतो. कारण पुढे सांगते. तिकीट फोनवर येतं, तेवढा फोन चार्ज करून न्या.

आता मैदान. 1922 मध्ये बांधलेलं हे स्टेडियम घोड्याच्या नालेच्या आकाराचं आहे, म्हणून सगळे त्याला हॉर्सशू म्हणतात. नालेची बंद बाजू उत्तरेला. जाणाऱ्यांनी तिकीट काढताना बी डेकच्या (डेक म्हणजे बसायचा मजला) मागच्या रांगा टाळाव्यात. वर सी डेकचं छत येतं आणि उंच फेकलेला चेंडू मध्येच दिसेनासा होतो. उत्तरेच्या वळणावर, सी डेकमध्ये, जितकं वर जाता येईल तितकं जा. तिथून मैदान लांबीत दिसतं. क्वार्टरबॅकला रिसीव्हरांमधल्या, म्हणजे त्याचे पास झेलणाऱ्यांमधल्या, ज्या फटी दिसतात त्याच तुम्हालाही दिसतात. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे मोकळा सुटलेला रिसीव्हर क्वार्टरबॅकला दिसलाच नाही, हे घरी बसून कधीच कळत नाही. वरून बावीसही खेळाडू एका नजरेत येतात. छोटी दुर्बीण आणि एक वही, एवढं पुरे.

लोक विचारतात, स्प्रिंग गेममधून प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकबद्दल खरंच काही कळतं का? आकड्यांतून जवळजवळ काही नाही. एक तर त्याला कोणी हातच लावत नाही. बाकीचे लाल आणि करड्या जर्सीत असतात, क्वार्टरबॅक काळ्या. काळी जर्सी म्हणजे याला पाडायचं नाही. बचावपटू जवळ आला, नुसता स्पर्श झाला की शिट्टी. अंगावर 130 किलोचा माणूस येत असताना हा चेंडू धरून उभा राहील का, हे त्या दिवशी कळूच शकत नाही. दुसरं म्हणजे डिफेन्स मुद्दाम साधा खेळतो. प्रतिस्पर्धी बघतायत हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जास्तीचे बचावपटू सोडणं) जवळपास नाही, फसवे बदल नाहीत, नेट्समध्ये गोलंदाजाने अर्ध्या रनअपने टाकावं तसं. त्या वर्षी मॅट पॅट्रिशिया त्यांच्या डिफेन्सची सूत्रं नव्याने हाती घेत होते. त्यांनी आपल्या चाली एप्रिलमध्ये उघड्या केल्या असत्या तरच नवल. आणि तिसरं, ओहायो स्टेटचे रिसीव्हर इतके तयारीचे असतात की मध्यम पासही त्यांच्या हातात सोन्यासारखा दिसतो.

माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ बसले होते, करड्या टोपीतले. मी कुठून आले हे ऐकून ते हसले आणि मग अगदी मनापासून बोलत राहिले. 2018 च्या स्प्रिंग गेमलाही ते तिथेच होते. त्या दिवशी जो बरो, ड्वेन हॅस्किन्स आणि टेट मार्टेल यांच्यात चढाओढ होती आणि आकड्यांत बरो हॅस्किन्सच्या पुढे होता. त्यांना वाटलं, ठरलं आता. महिनाभराने बरो लुइझियानाच्या एलएसयू या विद्यापीठाकडे गेला आणि जागा हॅस्किन्सला मिळाली. त्या हंगामात हॅस्किन्सने 50 टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकले, त्यातले 6 एकट्या आमच्याविरुद्ध, 62–39 च्या त्या सामन्यात. बरोने पुढच्याच वर्षी एलएसयूकडून हाइझमन (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) आणि विजेतेपद दोन्ही मिळवलं. दोघेही थोर क्वार्टरबॅक होते, आणि एप्रिलच्या त्या दुपारच्या आकड्यांनी दोघांबद्दलही चुकीचंच सांगितलं. हॅस्किन्सबद्दलचा खरा पुरावा आधीच मिळाला होता. नोव्हेंबर 2017 मध्ये आमच्या अ‍ॅन आर्बरला, जे. टी. बॅरेट जखमी झाल्यावर तो बाकावरून उठून आला आणि मागे पडलेला सामना जिंकून गेला. हॅस्किन्स 2022 मध्ये अपघातात गेला. त्याचं नाव निघालं तसे ते गृहस्थ थोडा वेळ गप्प झाले, मीही.

मग बघायचं काय? पाय. मी वर्षानुवर्षं सामने बघून याच मतावर आले आहे. डिफेन्स खोटा असेल, जर्सीमुळे धोका खोटा असेल, पण पायांची सवय कोणाला लपवता येत नाही. क्वार्टरबॅक मागे सरकतो, पहिला रिसीव्हर बघतो, तो झाकलेला असेल तर नजर दुसऱ्याकडे नेतो. नजरेबरोबर पायही त्या दिशेला वळले, तर पास नेमका जातो. नजर वळली आणि पाय जुन्या दिशेलाच रोवलेले राहिले, तर चेंडू मागे किंवा उंच जातो. सरावात तो झेलला जाईलही, पण नोव्हेंबरमध्ये तोच इंटरसेप्ट होतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडतो. दुर्बीण चेंडूवर नाही, त्याच्या बुटांवर ठेवा. पहिल्यांदा फार अवघड जातं, मान आपोआप चेंडूमागे वळते.

वॉर्मअप यासाठीच हवा. तिथे समोर डिफेन्स नसतो, त्यामुळे फेकण्याची मूळ लय दिसते. त्या दिवशी तिघे शर्यतीत होते. 10 नंबरचा ज्युलियन सेयिन, मूळचा कॅलिफोर्नियाचा, तिथले प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाल्यावर अलाबामाहून इकडे आलेला. 3 नंबरचा लिंकन कीनहोल्झ, साउथ डकोटाचा. आणि 9 नंबरचा टेव्हियन सेंट क्लेअर, ओहायोच्याच बेलफाँटेनचा, नुकतंच हायस्कूल संपवून आलेला. आम्ही पोचलो तेव्हा ते बाजूच्या रेषेकडे पळणाऱ्या रिसीव्हरांना पास देत होते. सेंट क्लेअरच्या हाताची ताकद वरपर्यंत जाणवत होती, चेंडू हातात बसल्याचा आवाजच वेगळा. पण रिसीव्हर वळेपर्यंत तो थांबत होता. सेयिनचं उलट. रिसीव्हरने वळायला पाय रोवला की चेंडू सुटलेला, आणि तो मान वळवतो तर छातीपाशी हजर. रिसीव्हरला पाऊलसुद्धा आखडावं लागत नव्हतं. लेक फोनवर स्टॉपवॉच लावून बसली होती, स्नॅपपासून (चेंडू क्वार्टरबॅककडे दिला जातो तो क्षण) फेकीपर्यंत किती वेळ लागतो ते मोजायला. अडीच सेकंदांच्या आसपास चेंडू सुटला तर चांगलं, असा ढोबळ हिशोब मी तिला सांगितला होता. सेयिनच्या वेळी ती म्हणाली, "आई, माझं बोट पोचायच्या आत जातोय." माझ्या पोटात तेव्हाच गोळा आला.

कीनहोल्झबद्दल मी वहीत प्रश्नचिन्हच काढलं. त्याची खरी ताकद पळण्यात आहे, आणि काळ्या जर्सीत नेमकी तीच मोजता येत नाही. शिट्टी झाली नसती तर तो निसटला असता का? कोण सांगणार? चपळ क्वार्टरबॅकचं स्प्रिंग गेममध्ये नेहमी असंच नुकसान होतं, म्हणून अशा मुलाला तिथे कमी लेखू नका.

दोन पासांच्या मधला वेळही बघण्यासारखा असतो. पास चुकला की क्वार्टरबॅक रिसीव्हरकडे जाऊन हाताने काहीतरी दाखवतो, की मान खाली घालून परत येतो? लाइनमन, म्हणजे पुढे उभे राहून त्याला वाचवणारे, त्याच्याकडे बघून खेळतात का? पहिल्या फळीच्या लाइनसोबत कोणाला किती वेळा पाठवलं, हेही टिपून ठेवा, पण त्यावरून निकाल लावू नका. प्रशिक्षक रायन डे यांनी त्या दिवशी काही जाहीर केलं नाही. सेयिनचं नाव ऑगस्टमध्ये आलं.

मध्यंतरात फोन बघितला तर टेनेसीची बातमी. त्याच दिवशी त्यांचीही स्प्रिंग गेम होती, आणि त्यांचा क्वार्टरबॅक निको यामालेआव्हा मैदानात नव्हताच. सरावाला आला नाही म्हणून संघाने त्याच्याशिवाय पुढे जायचं ठरवलं होतं. नंतर तो यूसीएलएला गेला. असंच खेळाडू फोडण्याचं भय असल्यामुळे नेब्रास्काने त्या वर्षी नेहमीची स्प्रिंग गेम ठेवली नाही. आता वसंतातली ट्रान्सफरची खिडकी (खेळाडूंना कॉलेज बदलता येण्याचा काळ) बंद झाली आहे आणि 2026 पासून जानेवारीत एकच खिडकी, 2 ते 16 तारखेची, त्यामुळे ते भय थोडं कमी व्हावं. तरीही निघण्याआधी गेम नक्की आहे का आणि ती सामन्यासारखी खेळणार की नुसता खुला सराव, हे बघून घ्या.

आणखी एक, मिशिगनच्या लोकांसाठी. त्याच हंगामात समोर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचे सामने संघाच्या कर्मचाऱ्यांनी जाऊन टेहळणं एनसीएएला, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेला, मान्य नाही, आणि 2023 पासून अशाच टेहळणीच्या प्रकरणाने आपल्या संघाची फार बदनामी झाली. आपण तिकीट काढून बसलेले प्रेक्षक, आपल्याला मोकळीक आहे. पण तिथल्या लोकांच्या मनात ते ताजं आहे. निळे-पिवळे कपडे घालू नका, बाजूच्या रेषेवरून प्रशिक्षक करतात त्या खुणांचे फोटो काढत बसू नका. कोणी विचारलं तर खरं सांगा. मला तरी सगळ्यांनी प्रेमानेच वागवलं. एका बाईंनी लेकीला बकाय दिल्या, म्हणजे चॉकलेटमध्ये बुडवलेले पीनट बटरचे लाडू. तिकडच्या बकाय नावाच्या झाडाच्या बीसारखे दिसतात म्हणून ते नाव.

29 नोव्हेंबर 2025 ला अ‍ॅन आर्बरला बर्फ पडत होता आणि मी वही बरोबर नेली होती. सुरुवातीला सेयिनचा एक पास आम्ही इंटरसेप्ट केला, 6–0 ने पुढे गेलो, आणि मला वाटलं एप्रिलमध्ये मी घाबरले ते उगाच. मग चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, पाच यार्ड हवे असताना, त्याने जेरेमाया स्मिथला 35 यार्डांचा टचडाऊन पास दिला. मी तेव्हाही त्याच्या पायांकडेच बघत होते. बर्फावरही ते वेळेवर वळले. त्याचे तीन टचडाऊन झाले, सामना त्यांनी 27–9 असा जिंकला.

परतीचं राहिलं. गेम संपल्यावर लगेच गाडीकडे धावू नका, पुलावर आणि 315 वर तासभर काही हलत नाही. आम्ही हाय स्ट्रीटवर बकाय डोनट्समध्ये बसून लेकीच्या वेळा वहीत उतरवल्या, पाचच्या सुमारास निघालो, आणि वहिनींचं थालीपीठ फिंडलीच्या पेट्रोल पंपावर गाडीतच खाल्लं.