कुठला परवा?

बियांच्या पाकिटावर ‘पेरेनियल’ लिहिलं होतं. वर्षानुवर्षं टिकणारं, हे ठाऊक होतं. तरी जाडा शब्दकोश उघडलाच. नजर जरा वर अडकली: पेरेन्डिनेट. म्हणजे काम परवावर ढकलणं. उद्यावर नव्हे, परवावर. (दोन्ही शब्दांत ‘पेर’ दिसतं, पण पेरणीशी कुणाचाच संबंध नाही.)

उद्यावर ढकलणाऱ्यांसाठी प्रोक्रॅस्टिनेट आहेच. त्याच्या पोटात लॅटिन ‘क्रास’, म्हणजे उद्या. ह्याच्या पोटात ‘पेरेन्दिए’, म्हणजे परवा. गंमत अशी की आजच्या रोजच्या इंग्रजीत परवासाठी सुटसुटीत शब्दच नाही, ‘उद्यानंतरचा दिवस’ असा वळसा घालावा लागतो. आपल्याकडे परवा आहे, शिवाय तेरवाही आहे. आळसाची सोय भरपूर.

परवा म्हटलं की मला आमच्या गल्लीतले शिंपीकाका दिसतात. गणपतीसाठी सदऱ्याचं कापड टाकलेलं. मी दारात उभा, मशीन सुरूच, ओठांत टाचण्या तशाच. “परवा ये.” घरी येऊन सांगितलं की आई विचारायची, “कुठला परवा?” एकदा धीर करून म्हटलं, “काका, आजच परवा आहे.”

“अरे, परवाच तयार होता, तू आलाच नाहीस! आता फक्त काजं-बटणं राहिलीत. परवा ये.”

एकाच शब्दात मागचा आणि पुढचा असे दोन्ही परवा. लॅटिनमध्ये मागच्या परवाला ‘नुदिउस तेर्तिउस’ असा वेगळा शब्द होता. तिथल्या शिंप्यांची फार अडचण होत असणार.

रोमच्या न्यायालयात मात्र पुढची तारीख देण्याला ह्याच परवावरून नाव होतं: कॉम्पेरेन्दिनातिओ. इ.स.पू. 70 मध्ये सिसिलीला लुबाडणाऱ्या तिथल्या माजी सुभेदारावर, वेरेसवर, वकील सिसेरोनं खटला चालवला. पहिली फेरी झाली आणि दुसरी यायच्या आतच वेरेस मासिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेला, पसार. दुसऱ्या फेरीची भाषणं सिसेरोनं कधी केलीच नाहीत, नुसती लिहून प्रसिद्ध केली. दोन तारखांच्या मधल्या फटीतून माणूस निसटतो, हे आपल्याला काही नवीन नाही.

सदरा मिळाला तो विसर्जनानंतर. खांद्यात घट्ट.

बिया अजून खिडकीतच आहेत, कुंडीत माती भरायची राहिलीय. पाकिटाच्या मागे पेरणीची मुदत छापलीय. ती परवाच संपली.