लाल फूल, हिरवी पानं आणि करड्या छटा

हिरव्या पानांतलं लालभडक फूल रंगीत फोटोत लगेच नजरेत भरतं. रंग काढून टाकले की ते पानांतच हरवून जातं. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा किती, हे 0 ते 255 अशा आकड्यांत मोजतात; आकडा मोठा तितका उजेड जास्त. माझ्या फोटोत फुलाचे आकडे होते लाल 200, हिरवा 40, निळा 40. पानाचे 40, 130, 60. करडी छटा काढायचं नेहमीचं सूत्र लालचे 0.299, हिरव्याचे 0.587 आणि निळ्याचे 0.114 भाग घेतं. हिशेब केला तर फूल 88, पान 95. एवढ्याशा फरकात फूल उठून कसं दिसणार?

म्हणून फोटोशॉपमध्ये मी फोटो ग्रेस्केल, म्हणजे थेट करडा, करत नाही. आधी व्हाइट बॅलन्स नीट करतो, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असं बघतो. पिवळ्या दिव्यातल्या फोटोत निळा चॅनल (फोटोतला निळ्याचा वाटा) जवळजवळ रिकामा असतो आणि पुढचं सगळं गणित त्यावरच उभं राहतं. मग फोटो आरजीबीतच (लाल-हिरवा-निळा) ठेवून वर चॅनल मिक्सरचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकतो, म्हणजे मूळ फोटो न बदलता तिन्ही रंगांचं प्रमाण ठरवणारा थर, आणि करडा फोटो मिळावा म्हणून मोनोक्रोमवर खूण करतो. लाल 70 टक्के, हिरवा 20, निळा 10 दिल्यावर फूल 152 वर गेलं, पान 60 वर आलं. लाल 10, हिरवा 80, निळा 10 केलं तर उलट: फूल 56, पान 114. दोन्ही बरोबरच, फूल उजळ हवं की गडद, हे आधी ठरवायला हवं. मला उजळ आवडलं.

तिन्हींची बेरीज 100 च्या आसपास ठेवायची. 130 झाली की 240 चा उजळ भाग 312 वर जातो, म्हणजे 255 ला कापला जातो आणि दवाच्या थेंबांतला तपशील गेला!

चेहऱ्याला लाल चॅनल जास्त दिला तर त्वचा नितळ दिसते, पण ओठ फिके पडतात. निळा वाढवला की प्रत्येक डाग वर येतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते आकाश. ते काळंभोर करायला ब्लॅक अँड व्हाइट लेयरमधला (एकेका रंगाची करडी छटा बदलणारा दुसरा थर) निळा स्लायडर फार खाली ओढला की दाणे दिसू लागतात, झाडांच्या कडेला पांढरी रेघ उमटते. जेपेगमध्ये रंगांची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे चौकोनी ठोकळेही उघडे पडतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) असेल तर 16 बिटमध्ये, म्हणजे छटांच्या जास्त पायऱ्यांत, उघडून काम करतो. जेपेगच असेल तर स्लायडर थोडाच हलवतो आणि आकाशापुरता मास्क लावून (बाकीचा फोटो झाकून) उरलेला गडदपणा कर्व्हने, म्हणजे उजेड-अंधार बदलणाऱ्या वक्ररेषेने, आणतो. हे सगळं 100 टक्के झूमवर तपासायचं. लहान करून पाहिलं तर ती रेघ दिसतच नाही.