हरवलेलं टिंब

तीन महिने मी एका मुलीला चुकीच्या नावाने हाक मारत होते आणि तिने हूं की चूं केलं नाही. आमच्या टीममधली ही डब्लिनची मुलगी मेलखाली एन-आय-ए-एम-एच अशी सही करायची. मी आपली दर मंगळवारच्या कॉलवर तोंड भरून विचारायची, "नियाम, तुझं काय म्हणणं?" एकदा तिचा साहेब म्हणाला, "हे नीवला विचारून घे." मी तत्परतेने विचारलं, "नीव कोण? तिलाही कॉलवर घेऊ या का?" पलीकडे शांतता. मग तीच म्हणाली, "मीच ती."

दुसऱ्या कुणाकडून हे झालं असतं तर एक वेळ खपलं असतं. पण माझं नाव ज्ञानदा. इंग्रजीत डी-एन-वाय अशी सुरुवात बघितली की परदेशी माणूस पहिल्याच अक्षराला ठेच खातो आणि दिल्लीकडचे सरळ 'ग्यानदा' करून टाकतात. जन्मभर मी लोकांना हटकत आलेय, आणि मलाच एक पाच अक्षरी नाव विचारून घ्यायचं सुचलं नाही.

माफी मागायला म्हणून फोन केला, तर तिने तासभर त्या एचची हकिगत सांगितली. आयर्लंडची भाषा आयरिश. ती पूर्वी रोमन लिपीच्याच, पण जुन्या हस्तलिखितांवरून घेतलेल्या गोलसर वळणात छापत. एखादं व्यंजन मऊ झालं की त्याच्या डोक्यावर टिंब. एमवर टिंब आलं की उच्चार 'व'. या मऊ होण्याला त्यांच्याकडे 'शेवू' म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्या शब्दातला 'व'सुद्धा एम-एच असाच लिहितात. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते वळण मागे पडलं, साधी रोमन छपाई आली, आणि टिंबाच्या जागी सगळीकडे एच लिहू लागले. म्हणजे तिच्या नावातला एच उच्चारायचा नाहीच. तो खाली उतरून रांगेत उभा राहिलेला ठिपका आहे.

मला आजोबांची पत्रं आठवली. 'नाहीं', 'केलें', 'कां' आणि हो, 'नांव'! आपल्या 'नावा'वरही टिंब होतं की. उच्चारात नसलेले हे अनुस्वार 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उडवले. आजोबांनी मात्र ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. पत्राच्या घड्या उलगडल्या की ओळींवर तीळ सांडल्यासारखे दिसायचे. फरक एवढाच की आपण टिंब काढलं ते काढलंच. आयरिश मंडळींनी टिंब काढताना बदली कामगार ठेवला.

नीव म्हणजे तेज, झळाळी. आपल्याकडची प्रभा किंवा दीप्ती. मूळची नीव समुद्रापलीकडच्या चिरतारुण्याच्या देशाची, तीर ना नोगची राजकन्या. सोनेरी केसांची ही मुलगी पांढऱ्या घोड्यावरून येते, ओशीन नावाच्या वीराला मागे बसवते आणि लाटांवरून घेऊन जाते. त्याला वाटतं तीन वर्षं झाली; इकडे तीनशे सरलेली असतात. घरची ओढ लागते तेव्हा ती घोडा देते, पण बजावते, पाय जमिनीला लावू नकोस. तो एक धोंडा उचलणाऱ्यांना मदत करायला वाकतो, खोगिराचा पट्टा तुटतो, आणि पडल्या जागी त्याचा जख्ख म्हातारा होतो. आपली रेवती आठवली. बाप तिच्यासाठी स्थळ विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला, परत येईतो सत्तावीस चतुर्युगं उलटलेली! आपल्या हिशेबापुढे तीनशे वर्षं म्हणजे चहाची सुट्टी.

इतकी शतकं हे नाव गोष्टीतच राहिलं. 1893मध्ये आयरिश भाषा जगवण्यासाठी गेलिक लीग ही संस्था निघाली, त्या भाषेला पुन्हा मान आला, आणि विसाव्या शतकात जुन्या कथांमधली नावं पाळण्यात उतरू लागली. 1993मध्ये नीव कॅव्हना या गायिकेने मायदेशातच युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली, तीही मिलस्ट्रीट नावाच्या छोट्या गावातल्या घोडेस्वारीच्या आखाड्यात. घोडा काही या नावाची पाठ सोडत नाही. नव्वदीच्या शेवटी शेवटी तर आयर्लंडमध्ये हे नाव चांगलंच चालत होतं. आणि आपल्या प्रभा? त्या सगळ्या आता आज्या झाल्या.

बाहेरदेशी काही आईबाप स्पेलिंगची कटकट नको म्हणून एन-ई-व्ही-ई लिहितात. इटालियनमध्ये त्याचा अर्थ होतो बर्फ. तेज गेलं, गारठा आला. मला हे मुळीच पसंत नाही, पण ज्या पोरीला दर खिडकीवर नाव सांगावं लागतं तिचे हाल मला ठाऊक आहेत.

आमची नीव मात्र पाचही अक्षरं लिहिते. हल्ली तिची मेल आली की मी मनातल्या मनात तो एच अलगद उचलते आणि एमच्या डोक्यावर ठेवून देते. ती मला अजून 'दिन्यानाडा' म्हणते. अजून तीन महिने द्यायचे ठरवलेत.