तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गाडीच्या दाखल्याला पैसे का मोजायचे?

‘गाडी दारात उभी आहे, नोंदणी तुमच्या नावावर आहे, मग ती कारखान्यात कशी बांधली गेली याच्या दाखल्यावर वेगळे पैसे कशाला घालवलेत?’ माझ्याकडे जुनी एमजीबी जीटी, म्हणजे एमजी कंपनीची बंद टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, आहे हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे बहुतेक पुण्याहून इकडे इंग्लंडात गेडनला कामाला आलेले इंजिनिअर असतात. २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर घेतल्यापासून वॉरिकशरच्या या कोपऱ्यात मराठी सहज कानावर पडतं. गंमत म्हणजे ज्या कागदाबद्दल ही मंडळी विचारतात, तो त्यांच्या ऑफिसच्या अगदी शेजारी तयार होतो.

शेजारी म्हणजे ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये. ऑस्टिन, मॉरिस, एमजी, ट्रायम्फ, रोव्हर अशा कितीतरी नावांच्या उत्पादनाच्या नोंदी तिथल्या अर्काइव्हमध्ये आहेत. कंपन्या एकमेकींत विरघळल्या, काही बुडाल्या, एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण वह्या राहिल्या. आपल्या गाडीचा चेसिस क्रमांक कळवायचा, सोबत त्याचा पुरावा जोडायचा, की वहीतली ती नोंद शोधून दाखला पाठवतात. हेरिटेज सर्टिफिकेट म्हणतात त्याला. खर्च साधारण एका टायरचा.

माझ्या गाडीचा क्रमांक जीएचडी३ ने सुरू होतो. यातला जी एमजीचा, एच इंजिनाच्या आकाराच्या गटाचा आणि डी बंद टपाच्या गाडीचा. उघड्या गाडीला तिथे एन असतो. एवढं तर गाडीवरच्या क्रमांकाच्या पट्टीवरूनही कळतं. दाखल्यात त्यापुढचं आलं: गाडी १९६६ मध्ये कोणत्या दिवशी बांधून झाली, कधी बाहेर पडली, कोणत्या डीलरकडे गेली, इंजिनाचा क्रमांक काय होता. रंग ग्रॅम्पियन ग्रे, आतलं कातडं लाल. मी घेतली तेव्हा गाडी हिरवी होती, कारण एमजी म्हटली की हिरवी नाहीतर लाल असा इथल्या निम्म्या लोकांचा समज आहे. शेवटी जादाच्या वस्तूंची यादी: ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर), तारांची चाकं आणि हीटर. हो, हीटर. इंग्लंडातल्या थंडीत चालवायच्या गाडीला हीटर हवा असेल तर तेव्हा त्याचे पैसे वेगळे पडत! ही यादी वाचून पहिल्या मालकाबद्दल जेवढं कळलं, तेवढं नंतरच्या कुठल्याही कागदातून कळलं नाही. रंग मात्र मी हिरवाच ठेवलाय. राखाडी मला आवडत नाही.

हा दाखला म्हणजे आपल्याकडचा शाळा सोडल्याचा दाखला. फाटकाबाहेर पडताना काय होतं तेवढं त्यात असतं. पोरानं पुढे काय दिवे लावले याचा त्यात एक शब्द नाही. लोकांचा घोटाळा नेमका इथे होतो. दाखला फ्रेम करून भिंतीवर लावला की गाडी ‘ओरिजिनल’ झाली असं त्यांना वाटतं. वहीत इंजिनाचा जो क्रमांक आहे तोच आज इंजिनावर आहे का, हे बॉनेट उघडून तुम्हालाच बघावं लागतं. आणि त्यातही खोच आहे. एमजीबीच्या इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो. पट्टी काढता येते, नवी ठोकता येते. म्हणजे ज्याच्या हाती दाखला आहे, त्याला पट्टीवर काय कोरायचं हेही आयतं कळलेलं असतं. म्हणून मी आधी रिव्हेटची डोकी बघतो, जुनी काळवंडलेली आहेत की परवा बसवल्यासारखी चकाकतायत, आणि नंतर आकडे.

क्रमांक जुळला नाही म्हणजे फसवणूकच, असंही नाही. त्या काळात इंजिन थकलं की कंपनीचंच दुरुस्त केलेलं इंजिन बदलून मिळे. ‘मॅचिंग नंबर्स’चा, म्हणजे वहीतला आणि इंजिनावरचा क्रमांक जुळण्याचा, जप अलीकडे फार चालतो, पण वीस वर्षं रोज कामावर नेलेल्या गाडीत मूळ इंजिन टिकलं असेल तर ते नशीब म्हणायचं. ज्यानं इंजिन बदललंय आणि तसं तोंडानं सांगतो, त्याच्याकडून मी डोळे मिटून नसली तरी आनंदानं गाडी घेईन.

पैशाचा खरा प्रश्न येतो तो मिनी कूपरला. पहिल्या पिढीच्या ऑस्टिन मिनी कूपरचा क्रमांक सीए२एस७ ने सुरू होतो, आणि जास्त ताकदीच्या, आज कितीतरी महाग विकल्या जाणाऱ्या कूपर एसचाही त्यानेच! पट्टी बघून दोन्हींतला फरक कळत नाही. तो इंजिनाच्या क्रमांकात दिसतो, आणि इंजिन काय, एका शनिवारात बदलता येतं. साध्या कूपरला एसचं इंजिन, एसचे ब्रेक लावले की बाहेरून ओळखणार कोण? अशा वेळी कारखान्याची वही हा एकच साक्षीदार उरतो ज्याला गाडी विकायची नसते. नोंदणीच्या कागदावर विसंबू नका. इथल्या त्या कागदावर, व्ही५सी वर, तर स्वच्छ छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही.

तारखेचाही उपयोग आहे. इकडे गाडी ज्या वर्षात बांधली ते वर्ष संपून ४० वर्षं झाली की येणाऱ्या १ एप्रिलपासून रोड टॅक्स माफ होतो, पण कागदावर असते ती पहिल्या नोंदणीची तारीख. १९८४ च्या डिसेंबरात बांधलेली गाडी शोरूममध्ये पडून राहून १९८५ च्या मार्चमध्ये नोंदली गेली असेल, तर ती १ एप्रिल २०२५ पासून माफीला पात्र. मात्र बांधणीची तारीख दाखवता आली नाही तर आणखी वर्षभर टॅक्स भरा.

भारतात हे असं चालत नाही. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू लागला, पण तिथे वय मोजतात पहिल्या नोंदणीपासून. तेव्हा वयासाठी दाखल्याचा काही फायदा नाही. गाडी मूळ रूपात असावी अशी मात्र अट आहे, आणि मुंबईत कुणाकडे विलायतेहून आलेली एमजी किंवा ऑस्टिन असेल तर मूळ रूप म्हणजे काय हे त्या कागदावरून ठरवता येतं.

‘आमच्या पद्मिनीला मिळेल का हो असा दाखला?’ हाही प्रश्न येतो. गेडनला नाही मिळणार. कुर्ल्यात बांधलेल्या गाडीची नोंद इंग्लंडातल्या वहीत कशी असेल? तुमच्यासाठी जुनं आरसी बुक, शोरूमचं बिल, सर्व्हिसच्या पावत्या हाच दाखला. दिवाळीच्या साफसफाईत ती फाइल रद्दीत जाऊ देऊ नका.

आणि इकडे कुणी गाडी घ्यायला निघालं असेल तर दाखला गाडी घेतल्यावर नाही, घेण्याआधी बघा. विकणाऱ्याला मागवायला सांगा, हवं तर पैसे तुम्ही द्या. ‘मागवलाय, येईलच’ असं तो म्हणाला तर म्हणावं, येऊ दे की. बयाणा त्यानंतर.