डिस्नेच्या रिसॉर्टांमधली एकटीची पायपीट

ऑरलँडोला गेले आणि एकाही पार्कात पाऊल टाकलं नाही, असं सांगितलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. पण या खेपेला मला राइड्सच्या रांगेत उभंच राहायचं नव्हतं. डिस्ने व्हेकेशन क्लबचे आमचे थोडे पॉइंट आहेत. त्यात आणखी एक लहानसं कॉन्ट्रॅक्ट घालायचं घरात घाटतंय आणि कुठल्या रिसॉर्टचं घ्यायचं यावर चौघांची चार मतं. नवऱ्याला रिव्हिएरा हवं, जाऊबाईंना ॲनिमल किंगडम, आणि दीर एक्सेलच्या शीटमधून मान वर काढायला तयार नाहीत. म्हटलं, मी एकटी जाते आणि नुसती हिंडून येते. माणसं बरोबर असली की रिसॉर्ट बघून होतच नाही. कुणाला भूक लागलेली असते, कुणाला स्विमिंग पूल दिसलेला असतो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे तुम्ही एका ठरावीक रिसॉर्टचा अगदी बारीकसा हिस्सा विकत घेता. रीतसर नोंदणी होते, पण जमीन भाडेपट्ट्यावरची, म्हणजे मालकी ठरलेल्या वर्षी संपते. दरवर्षी तुम्हाला पॉइंट मिळतात, त्यांतून रात्री बुक करायच्या. आपल्या रिसॉर्टचं बुकिंग 11 महिने आधी करता येतं, बाकीच्यांचं 7 महिने आधी. मधले चार महिने हीच खरी मालकी. ‘कुठेही राहता येतं ना, मग स्वस्त मिळेल ते घ्या,’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. हवी ती खोली त्या चार महिन्यांत उडून गेली की त्यांना फोन करून बघा.

मुक्काम आमच्याच साराटोगा स्प्रिंग्ज रिसॉर्टमध्ये, स्टुडिओत, म्हणजे एका खोलीच्या घरात. एका माणसाला स्टुडिओ म्हणजे चैन. एक बेडरूमचं घर घेतलं असतं तर जवळपास दुप्पट पॉइंट गेले असते. स्टुडिओत वॉशिंग मशीन नसतं आणि हॉटेलसारखी रोजची साफसफाईही नसते. मला हे फार आवडतं. रिसॉर्टच्या काँग्रेस पार्क नावाच्या भागात खोली मिळाली, तिथून डिस्ने स्प्रिंग्ज हा दुकानं-हॉटेलांचा परिसर चालत गाठता येतो. त्याचा मोठा उपयोग झाला, कारण रिसॉर्टवरून रिसॉर्टला थेट बस नाही. मध्ये कुठल्या तरी पार्कला किंवा डिस्ने स्प्रिंग्जला उतरून दुसरी पकडावी लागते. गाडी भाड्याने घेतली असती तर वेळ वाचला असता, पण मग बसथांब्यावर उभं राहणं झालं नसतं, आणि मला नेमकं तेच बघायचं होतं. खोलीचे फोटो घरबसल्या दिसतात. खोलीपासून थांब्यापर्यंत दमलेलं पोर कडेवर घेऊन किती चालावं लागेल, हे फोटोत दिसत नाही.

सुरुवात जाऊबाईंच्या किदानी व्हिलेजपासून केली. 2009 साली उघडलेला हा ॲनिमल किंगडम व्हिलाजचा दुसरा भाग. लॉबी अशी की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. मागच्या कठड्याशी गेले तर जिराफ इतका जवळ, की त्याची जीभ फांदीभोवती कशी वळते ते दिसावं. काळपट जांभळी, लांबच लांब. पाच पानं ओरबाडली, मान वळवली, माझ्याकडे अजिबात न बघता रवंथ सुरू. सव्हाना, म्हणजे हे प्राणी चरतात ते कुरण, दिसणाऱ्या खोलीला जास्त पॉइंट लागतात, पण हा कठडा सगळ्यांना मोकळा आहे, हे मी लगेच टिपून ठेवलं. मग चालायला घेतलं. इमारत चंद्रकोरीसारखी वळत जाते, त्यामुळे कॉरिडॉरचं टोक कधी दिसतच नाही. आणखी एक वळण, आणखी एक दार. समोरून एक आजोबा बर्फाची बादली घेऊन येत होते. मी अगदी टोकाला जाऊन परत फिरले, तरी ते वाटेतच होते. इमारतीखाली गाड्या लावायची सोय आहे आणि एक बेडरूमच्या घरालाही दोन बाथरूम. सकाळी सातला सगळ्यांना एकदम आवरायचं असतं अशा आमच्या कुटुंबाला तर हे वरदान. पण जाऊबाईंचे गुडघे आणि तो कॉरिडॉर यांचं जमेल असं काही मला वाटलं नाही.

रिव्हिएरावर फार वेळ घालवला नाही. डिसेंबर 2019 चं रिसॉर्ट, सगळं चकाचक. दारातून स्कायलायनर या रोपवेचा पाळणा निघतो आणि थेट एपकॉट पार्कच्या मागच्या फाटकाशी सोडतो. हॉलिवूड स्टुडिओज पार्कला जायचं तर कॅरिबियन बीच रिसॉर्टला उतरून पाळणा बदलायचा. इथे दोघांपुरता टॉवर स्टुडिओही आहे, पलंग भिंतीतून खाली ओढायचा. एकट्या माणसासाठी उत्तम. कॉन्ट्रॅक्ट चालतं 2070 पर्यंत, म्हणजे नातवंडांची सोय. माझं घोडं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. रिव्हिएराचं कॉन्ट्रॅक्ट कंपनीकडून न घेता जुन्या मालकाकडून घेतलं तर ते फक्त रिव्हिएरालाच चालतं. आपण घेताना हा नियम आपल्याला लागू नसेलही, पण उद्या विकायला निघालो की समोरचा तोच नियम पुढे करून भाव पाडणार. नवऱ्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणतो, ‘पण पाळण्यातून दिसतं कसं छान!’

बोर्डवॉकला संध्याकाळी गेले. पाण्याकाठचा फळ्यांचा रस्ता, दिवे, आणि एपकॉट चालत पाच-सात मिनिटांवर. सात वाजता कंटाळा आला तरी बसची वाट न बघता घरी येता येतं, लहान मुलं असलेल्यांना याची किंमत कळेल. पण कॉन्ट्रॅक्ट 2042 ला संपतं. दिरांच्या शीटप्रमाणे रिसेलचा, म्हणजे जुन्या मालकाकडून घेण्याचा, भाव म्हणून कमी, आणि म्हणून सौदा चांगला. कागदावर बरोबरच आहे. फक्त उरलेली वर्षं मोजताना आपलं वयही मोजावं लागतं, तो रकाना त्यांनी घातलेला नाही.

आणि मग ओल्ड की वेस्ट. क्लबचं हे पहिलं रिसॉर्ट, 1991 चं, आणि माझ्या यादीत सगळ्यात खाली. ‘जुनं आहे, लांब आहे,’ एवढंच ऐकलं होतं. फिकट रंगांच्या बुटक्या इमारती, मधून गोल्फचं मैदान. आत बसचेच पाच थांबे, इतकं पसरलेलं. पेनिन्सुलर रोडच्या थांब्यावर उतरून मी हॉस्पिटॅलिटी हाउसपर्यंत, म्हणजे रिसेप्शनच्या इमारतीपर्यंत, चालत आले. वाटेत भेटली ती एक घोरपडीची धाकटी बहीण शोभेल अशी पाल आणि सायकलवरच्या दोन मुली. बाकी शांत. एका इमारतीत सफाईवाल्या बाईंनी दार उघडं टाकलं होतं. मी विचारलं, त्या हसल्या आणि दारातून बघू दिलं. एक बेडरूमचं घर, 942 चौरस फूट. बाल्कनीत टेबल टाकून सहा माणसं पत्ते कुटू शकतील. नव्या रिसॉर्टांत खोल्या सुबक असतात, पण दोन बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही. इथे बॅगा उघड्या टाकून त्यांना विसरता येईल.

खोट आहे ती जिन्यांची. 62 ते 64 नंबरच्या इमारती सोडल्या तर लिफ्ट नाही. एक जोडपं भलीमोठी बॅग दोन्ही बाजूंनी धरून वर नेत होतं. दर चार पायऱ्यांनी थांबून एकमेकांवर खेकसत होतं. वर्षाचे ड्यूज, म्हणजे देखभालीचे पैसेही, आपण गेलो न गेलो तरी भरायचेच, आणि इतकी छपरं, इतके रस्ते, शिवाय बसगाड्या, सगळं त्यातूनच चालतं.

कंपनीच्या माणसाशीही बोलले. गृहस्थ गोड होते, अजिबात मागे लागले नाहीत. फ्लोरिडात सही केल्यावर 10 दिवसांत करार मोडता येतो, हे त्यांनी न विचारता सांगितलं. ओल्ड की वेस्टचा विषय काढला तेव्हा मात्र पुन्हा नव्या रिसॉर्टचं माहितीपत्रक माझ्यापुढे सरकलं.

घरी येऊन दिरांना शीट उघडायला लावलं. ओल्ड की वेस्टचंही मूळ कॉन्ट्रॅक्ट 2042 लाच संपतं, पण 2007 मध्ये तिथल्या मालकांना जादा पैसे भरून 15 वर्षं वाढवून घ्यायची मुभा मिळाली होती. काहींनी घेतली, काहींनी नाही. त्यामुळे एकाच जिन्यावरच्या दोन मालकांपैकी एकाचं 2042 ला संपतं आणि दुसऱ्याचं 2057 ला. दलालाला सांगून ठेवलंय, 2057 वालं लहान कॉन्ट्रॅक्ट आलं तरच कळवा. सौदा ठरला तरी त्याच भावात आधी स्वतः घ्यायचा हक्क डिस्नेला असतो, तेव्हा आत्ताच नाचण्यात अर्थ नाही.

जाऊबाईंची समजूत सोपी निघाली. या पॉइंटांवर किदानी 7 महिने आधी बघता येईल, सव्हाना नाही मिळाली तर कठडा आहेच. त्यांची अट एकच, ओल्ड की वेस्टला तळमजला. तशी विनंती बुकिंगवर नोंदवता येते, मिळेलच असं नाही, असं मी सांगितलं. ‘मग लिफ्टवाली इमारत माग,’ म्हणाल्या. तीही विनंतीच असते, हे अजून सांगायचं राहिलंय.